हॅमट्रॅमकची चार्जर, 21 सेंटिमीटरमध्ये

1968 ची डॉज चार्जर आर/टी, म्हणजे चार्जर गाडीची वेगवान आवृत्ती, 1/25 प्रमाणातलं प्लॅस्टिकचं किट. डब्यात शंभरावर तुकडे, किंमत 34 डॉलर. मला बांधायला चार महिने लागले, तेही बहुतेक शनिवार-रविवारच्या सकाळी बसून. ज्यांना जुन्या अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट इंजिनच्या वेगवान गाड्या, आवडतात त्यांनी हे किट जरूर घ्यावं. फक्त सूचनापत्रावर डोळे मिटून विसंबू नये आणि डब्यात आहे तेवढ्यावर थांबू नये.

मी ते घेतलं शेजारच्या आजोबांसाठी. तरुणपणी ते डेट्रॉईटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक गावी डॉज मेन कारखान्यात दारं बसवायच्या लाइनवर होते. ही चार्जर तिथं बनायची. कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पाडला गेला, आणि त्या जागेवर जनरल मोटर्सचा प्लांट उभा राहिला. आजोबांनी स्वतः एक 1968 ची चार्जर घेतली होती, रेसिंग ग्रीन रंगाची, मागे पांढरे पट्टे. मुलं झाल्यावर विकली. तिचे दोनच फोटो उरलेत, दोन्ही कृष्णधवल. मीही गाड्यांच्या बॉडीचंच काम करते. दार आणि शेजारचा पत्रा यांच्यातली फट किती, दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे मोजण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे कुंपणापाशी आमच्या गप्पा सुरू झाल्या त्या दारांवरूनच.

मी राहते ते ट्रॉय गाव डेट्रॉईटच्या उत्तरेला. एएमटी ही मॉडेल गाड्यांची जुनी कंपनी मूळची याच गावातली. तशाच दुसऱ्या दोन, जो-हॅन डेट्रॉईटची, एमपीसी जवळच्या माउंट क्लेमेन्सची. सुरुवातीला एएमटी आणि जो-हॅन गाड्यांच्या शोरूमसाठी छोट्या गाड्या बनवत, खऱ्या गाडीच्याच रंगात. 1958 मध्ये एएमटीनं तशाच गाड्या सुट्या भागांत विकायला काढल्या आणि एका डब्यातून तीन तऱ्हांनी गाडी बांधायची सोय ठेवली: कारखान्यातून निघाली तशी, आपल्या मनासारखी, किंवा शर्यतीची. गाडीत आपले बदल करायची मुभा या छंदात पहिल्यापासून आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

1/25 या प्रमाणाचा एक मोठा फायदा आहे आणि तो नवख्यांना कुणी सांगत नाही. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याला 25 नं भागलं की जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे इंच लिहिलेत ते सरळ मिलिमीटर समजायचे. चार्जरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 117 इंच, मॉडेलमध्ये 119 मिलिमीटर. रिम 14 इंची, इथं 14 मिलिमीटर. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन बसलं की पाच मिनिटांत किटचं खरंखोटं कळतं.

बॉडी उत्तम आहे. चार्जरचं सगळं रूप तिच्या कमरेत आणि पाठीत आहे. दारांपाशी बारीक होऊन मागच्या चाकांवर फुगलेली बाजू, आणि दोन तिरक्या पत्र्यांच्या मधे आत ओढून बसवलेली मागची काच. साचा करणाऱ्यानं हे दोन्ही बरोबर पकडलंय. छपराचा उतार मी खऱ्या गाडीच्या फोटोंवर ठेवून पाहिला. ते फोटो वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये काढलेले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची रीघ लागते, 1995 पासून. फर्नडेलजवळ एक 1968 ची उभी होती; मालकानं बोनेट उघडून दिलं आणि मला मनसोक्त फोटो काढू दिले. मॉडेल करायचं असेल तर आधी अशी एक खरी गाडी गाठाच.

साच्याच्या जोडरेघा मात्र पुढच्या मडगार्डवर अगदी डोळ्यांसमोर येतात. त्या 400 च्या आणि मग 600 च्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून काढाव्या लागल्या. बोनेटची फट 0.6 मिलिमीटर भरली. खऱ्या गाडीत ती 15 मिलिमीटर होईल, बोट जाईल इतकी. मी बोनेटच्या कडेला प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवून, घासून ती 0.25 वर आणली. या एका कामात दोन रविवार गेले, पण किटमधली सर्वांत मोठी सुधारणा हीच झाली.

दुसरा दोष गाडीच्या उभं राहण्यात. पुढची बाजू तीन मिलिमीटर उंच बसते. म्हणजे खऱ्या गाडीचे तीन इंच! मसल कारचा जीव तिच्या उभं राहण्यात असतो. नाक वर केलेली चार्जर बघवत नाही. पुढच्या चाकांचे आस कापून, त्यांच्या जागी पितळी तार घालून मी ते तीन मिलिमीटर वर सरकवले. हे काम बॉडी रंगवण्याआधी करा. डब्यातले टायर कडक आहेत आणि त्यांच्या मधोमध जोडाची रेघ आहे. लाल रेघ छापलेले मऊ टायर मी नऊ डॉलरना वेगळे मागवले. मॅग्नम 500 ची पाच आऱ्यांची चाकं मात्र डब्यातलीच सुंदर आहेत. आऱ्यांमधल्या खोलगट जागा मॅट काळ्या केल्या की झालं.

इंजिनपाशी मी सगळ्यांत जास्त रमले. डब्यात 440 मॅग्नम हे इंजिन आहे, 375 हॉर्सपॉवरचं. सूचनापत्र सांगतं नारिंगी रंगवा. नका रंगवू. नारिंगी रंग 426 हेमी या दुसऱ्या इंजिनचा. 1968 चं 440 मॅग्नम हिरवट निळ्या टर्क्वॉईज रंगात यायचं. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाला, डब्यात वायरीच नाहीत, एक गुळगुळीत टोपी तेवढी आहे. खरी प्लग वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणून 0.3 मिलिमीटरची काळी वायर घेतली, हातड्रिलनं टोपीला आठ भोकं पाडली, मधे नववं कॉइलच्या वायरीसाठी. मग सिलिंडर पेटण्याचा क्रम: 1-8-4-3-6-5-7-2. ड्रायव्हरच्या बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. आणि 440 च्या डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग, रोटर, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, तेव्हा टोपीवरही वायरी त्याच दिशेनं मोजायच्या. मी पहिल्यांदा सुलट दिशेनं लावल्या होत्या. सगळ्या उपसून पुन्हा लावल्या. बोनेट उघडल्यावर हे इंजिन मनातल्या मनात तरी सुरू व्हायला हवं, असं मला वाटतं.

रंगाबद्दल थोडं. मेटॅलिक हिरवा हवा म्हणून पुष्कळ जण खऱ्या गाडीचा टच-अप पेंट आणतात. त्यातली चमकीची कणी खऱ्या गाडीच्या मापाची असते, मॉडेलवर ती पंचवीसपट जाड दिसते. मॉडेलसाठी बनवलेला बारीक कणीचा लॅकरच घ्या. राखाडी प्रायमर, मग तामियाच्या स्प्रेचे पातळ थर. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. थर जाड झाला तर दारांच्या रेघा बुजतात, म्हणून रंगाआधीच त्या सुरीच्या पाठीनं खोल करून घेतल्या. माझे बाबा पिंपरीला टेल्कोच्या पेंट शॉपमध्ये होते. रंग डोळ्यांनी बघायच्या आधी ते त्यावरून बोटांची पाठ फिरवत. मीही तसंच केलं, डाव्या मडगार्डवर खरखर लागली, तेवढाच भाग पुन्हा घासला.

शेवटी आरशासारखी पॉलिश करायला मी 12000 पर्यंतचे कापडी पॅड आणून ठेवले होते; आकडा जितका मोठा तितकी घासणी बारीक. आजोबांनी बॉडी पाहिली आणि म्हणाले, इथंच थांब, आमच्याकडून गाडी अशीच बाहेर पडायची. रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे असायचेच, ते लपवायला कुणाला वेळ नव्हता. मी 6000 वर थांबले. आज ती पाहताना तो निर्णय मला पूर्णपणे पटतो. प्रदर्शनातली चकाकी या गाडीवर परकी वाटली असती.

काचांभोवतीच्या क्रोम पट्ट्यांना बेअर-मेटल कंपनीची पातळ चिकट धातूची फॉइल लावली, तीही मिशिगनचीच कंपनी. नवी धारदार पाती वापरा, दर चार कापांनी पातं बदला, आणि दात कोरायच्या काडीनं फॉइल खाचेत दाबा. पुढची जाळी डब्यात क्रोमची येते. ती मॅट काळी करून फक्त कड चमकती ठेवली. हेडलाइट तिच्या झडपांमागे लपतात, त्यामुळे बंद जाळी एका काळ्या कपारीसारखी दिसायला हवी. बोनेटच्या खळग्यांत ड्रायव्हरकडे तोंड केलेले दोन छोटे इंडिकेटर आहेत. सूचनापत्रात त्यांचा उल्लेखच नाही, पण साच्यात ते आहेत. सुईच्या टोकानं रंगवा. आतली बाजू साधीच, दारांची नक्षी उथळ; तिथं मी फार वेळ घालवला नाही. मागचे दोन पांढरे पट्टे स्टिकरनं न लावता टेप लावून रंगवले, कारण स्टिकरला त्या फुगीर वळणावर सुरकुती पडत होती.

टायर, वायर, फॉइल, रंग धरून खर्च 80 डॉलरच्या आसपास गेला. पहिलंच मॉडेल असेल तर इंजिनच्या वायरी सोडा, पण पुढची बाजू खाली घेणं आणि बोनेटची फट ही दोन कामं सोडू नका.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण, डाव्या बाजूला वर दिसणारं गोल क्रोमचं, मी मुद्दाम चिकटवलं नव्हतं. गेल्या रविवारी गाडी आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी आधी डाव्या दाराची फट पाहिली, मग उजव्या. मी चिमटा आणि प्लॅस्टिकच्या गोंदाचा थेंब पुढे केला. झाकण पहिल्यांदा थोडं तिरकं बसलं. ओलं होतं तोवर त्यांनी ते उचललं, नखानं जागा साफ केली आणि पुन्हा बसवलं.