फ्लूट तीच, जॅझ दोन तऱ्हांचा

फ्रेंच संगीतकार क्लोद बोलिंगचा फ्लूट आणि जॅझ पियानो त्रयीसाठीचा सुइट (सुट्या भागांची मालिका) १९७५ मध्ये रेकॉर्डवर आला. फ्लूटवर ज्याँ-पिएर रामपाल. पहिल्याच भागात फ्लूट बरोक (बाखच्या काळातल्या) थाटात सरळ चालते, मग पियानो, बास आणि ड्रम झुलायला लागतात. दोन शेजारी, मधे कुंपण. गोड आहे, पण सातव्या भागापर्यंत मला जरा पुरे होतं.

रशियन संगीतकार निकोलाय कापुस्तिनच्या १९९८ च्या त्रयीत (ओपस ८६) फ्लूट, चेलो, पियानो एवढंच. ड्रम नाहीत, तरी ठेका सुटत नाही. पियानोवाल्याचा डावा हात तो धरून असतो. ऐकताना वाटतं, हे आत्ताच सुचतंय. प्रत्यक्षात सूर न् सूर कागदावर लिहिलेला! उत्स्फूर्त तानेला सरावलेल्या आपल्या कानाला हे आधी खोटं वाटतं. मी मात्र हेच पुन्हा लावते, मधला संथ भाग तर रात्री दोनदा.