गाव छोटं, मैदानं दोन: फुटबॉल धरावं की बेसबॉल?

माझा भाचा पूर्व टेक्सासातल्या एका छोट्या गावात दहावीत शिकतो. ऑगस्टपासून फुटबॉल, फेब्रुवारीपासून बेसबॉल, आणि आता दोन्ही कोचना तो बारा महिने हवाय. परवा बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, एक काय ते ठरवायला नको का?" तिच्यासारखे बरेच आईबाप अमेरिकेतल्या गावोगावी असतील, म्हणून तिला सांगितलं ते जरा सविस्तर लिहितोय. (फुटबॉल म्हणजे अर्थात इथलं, अंडाकृती चेंडूचं.)

गावापुरतं बघाल तर फुटबॉलला तोड नाही. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर अख्खं गाव लोटतं. टेक्सासात शंभराच्या आसपास पट असलेल्या शाळासुद्धा मागे हटत नाहीत, अकराऐवजी सहा-सहा जणांचे संघ करून खेळतात. बेसबॉलच्या सामन्याला मात्र खेळाडूंचे आईवडील, आजी-आजोबा आणि एखादा कुत्रा. वर त्यातली निवड बरीचशी उन्हाळ्यातल्या फिरत्या संघांमधून होते. म्हणजे शनिवार-रविवार गाडी, मोटेल, फी, सगळं आपल्या खिशातून.

पण खरा फरक वेळेचा. हायस्कूल संपवून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल या फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, नाव घालता येत नाही. त्यामुळे फुटबॉलवाला कॉलेजात जातोच, तिथे अंगाने भरतो आणि जमलं तर पदवीही घेतो. बेसबॉलचे संघ अठराव्या वर्षीच दारात करार घेऊन उभे राहतात. आयोवातल्या व्हॅन मीटरचा बॉब फेलर घरच्या शेतात वडिलांनी आखलेल्या मैदानावर तयार झाला आणि 1936 मध्ये सतराव्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, क्लीव्हलंडकडून खेळला. पुढच्या वर्षी तो गावी परतून हायस्कूल पूर्ण करत होता, तेव्हा त्याचा पदवीदान समारंभ देशभर रेडिओवर ऐकवला गेला!

असा फेलर एखादाच. बाकीच्यांच्या नशिबी मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या. 2023 मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानंतर तिथला किमान पगार तळाच्या पायरीला वर्षाला 19,800 डॉलर आणि वरच्या, ट्रिपल-ए पायरीला 35,800 डॉलर झाला. त्याआधी तर याहूनही कमी होता. राहायची सोय आता संघ करतो, तरी रात्रभर बसने जायचं आणि दुपारी पुन्हा मैदानावर उतरायचं, हे चुकत नाही. असं तीन-चार वर्षं चालतं, बऱ्याच जणांचं त्याहून जास्त. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट 2009 मध्ये ड्राफ्टमध्ये पंचविसावा निवडला गेला आणि दोनच वर्षांत मेजर लीगमध्ये पोचला, पण त्याच्याकडे बघून हिशेब मांडू नका.

पोचलात तर पैशाच्या बाबतीत बेसबॉल उजवं. किमान पगारात फारसं अंतर नाही. 2025 मध्ये मेजर लीगमध्ये तो 7,60,000 डॉलर होता, एनएफएलच्या नवख्याला 8,40,000. पण मेजर लीगचा लांब मुदतीचा करार झाला की दुखापत होवो, फॉर्म जावो, पैसे मिळतातच. एनएफएलमध्ये करारावरचा आकडा एक आणि हमीचा आकडा वेगळा, संघ मध्येच काढूनही टाकतो. पेन्शन बेसबॉलला 43 दिवसांच्या सेवेनंतर लागू होते, फुटबॉलला तीन मोसम लागतात.

मग शरीर. ओक्लाहोमातल्या कॉमर्सचा मिकी मँटल हा खाणकामगाराचा मुलगा. हायस्कूलमध्ये फुटबॉलच्या सरावात नडगीवर लाथ बसली, हाडाला संसर्ग झाला आणि पाय कापायची वेळ आली होती. तेव्हा नव्यानेच मिळू लागलेल्या पेनिसिलिनने तो वाचला, म्हणून पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाला मँटल मिळाला. डोक्याची गोष्ट याहून गंभीर. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, त्यांपैकी 110 मध्ये सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार सापडला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले, म्हणजे बहुधा आधीच शंका असलेले, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरी मला ते विसरता येत नाही. बेसबॉलमध्ये पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, कोपर जातं, हल्ली शाळकरी वयातही शस्त्रक्रिया होतात. पण कोपर शिवता येतं.

शिष्यवृत्तीत फुटबॉल पुढे. वरच्या दर्जाच्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं फुटबॉल संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. बेसबॉलला 11.7, त्याही पोरांमध्ये तुकडे करून वाटायच्या. 2025 पासून नियम बदलले, पण पैसा अजून फुटबॉलकडेच वाहतो. अर्थात गाव लहान असलं की तिथेही दुर्लक्ष होतं. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉचा शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन घ्या. हायस्कूलनंतर एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारलं नाही. तो रीडलीच्या ज्युनियर कॉलेजात गेला, तिथून कोचना ढिगाने ईमेल पाठवले, तेव्हा कुठे वायोमिंगने घेतलं. 2018 मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बफेलोने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं.

माझं मत विचाराल तर दहावीत निवडूच नका. पूर्व टेक्सासातल्याच व्हाइटहाउसचा, आज एनएफएलमध्ये खेळणारा पॅट्रिक माहोम्स मेजर लीगच्या पिचरचा मुलगा. 2014 मध्ये डेट्रॉइटने त्याला बेसबॉलसाठी निवडलं, तेही सदतिसाव्या फेरीत. तो टेक्सास टेक विद्यापीठात गेला, तिथेही काही काळ दोन्ही खेळला आणि 2016 मध्ये बेसबॉल सोडलं. निवड करायला त्याला विसावं वर्ष उजाडलं. आणि अगदी निवडायलाच लागलं, शिवाय पोराचा हात खरंच वेगवान असेल, तर मी बेसबॉल म्हणेन, ते डोक्याच्या काळजीपोटी.

बहिणीला एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवायला लावली. अठराव्या वर्षी बेसबॉलचा करार पुढे आला, तर साइनिंग बोनसचा, म्हणजे सही करताच मिळणाऱ्या रकमेचा, आकडा ऐकून हुरळायचं नाही. पुढच्या कॉलेजचा खर्च संघ देणार का, किती सेमिस्टरचा आणि किती रकमेपर्यंत, हे करारात लिहून घ्यायचं. ती तरतूद मागता येते. फक्त खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करावं लागतं, नाहीतर पैसे गेले.