माळढोक दिसला नाही, तरी परत जाणार : नान्नजची अर्ध्या दिवसाची सफारी

आधीच सांगून टाकतो, सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात गेलो, पण माळढोक पक्षी दिसला नाही. आणि दिसणार नाही हे बुकिंग करतानाच फोनवर सफारीवाल्या पोरानं सांगितलं होतं. "सर, बोर्डावर माळढोक हाय, माळावर गावंल का ते सांगता येत नाही, नुसतं त्यासाठी येणार असाल तर राहू द्या." धंदा करणारा माणूस असं बोलतोय म्हटल्यावर मी तिथल्या तिथं सहा जणांचं बुकिंग करून टाकलं.

बाकी मित्राचा रिप्लाय ठरलेला, "वाघ न्हाई काय न्हाई, काय बघलालास बे तिथं?" त्याच्यासोबतच दोन वर्षांपूर्वी विदर्भात वाघाच्या सफारीला गेलो होतो, एका ट्रॅव्हल्सवाल्याकडनं. रिसॉर्टच्या नावात इको, आणि रूममध्ये रोज प्लास्टिकच्या सहा बाटल्या. जंगलात एका वाघिणीमागं दहा-बारा जिप्सी, सगळे ड्रायव्हर एकमेकांवर ओरडतायत, आमचा गडी टिपच्या आशेनं गाडी अजून पुढं घालतोय. नंतर ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, ती बातमी वाचून मला आमचीच गाडी आठवली.

तर नान्नज. सोलापूरहून बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटर, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधीच्या रविवारी गेलो. गावातलीच चार पोरं मिळून हे चालवतात, माणशी ८००, वनखात्याचं तिकीट वेगळं. गेल्या गेल्या मी सरळ विचारलं की या पैशाचं काय होतं, तर त्यातल्या एकानं वहीच काढून दाखवली, गाडीवाल्याचे किती, गाईडचे किती, जेवण करणाऱ्या मावशींचे किती, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. असली वही मी तरी कुठल्या टूरवाल्याकडं बघितली नव्हती.

गाडी चाकोरी सोडून एक फूटही खाली उतरली नाही. काळवीट भरपूर दिसले, एक कळप तर दोनशे पावलांवर होता. नर काळाकुळकुळीत, पोट पांढरं, आमच्याकडं बघत उभा. पोरानं इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, त्यानं मान वर केली की आपण थांबायचं, चालायला लागला की आपण जास्त जवळ आलो. पंधरा मिनिटं तसेच बसलो, माझी मुलगी मोबाईल मागायचं विसरली.

खरी परीक्षा पुढं झाली. दुसऱ्या गाडीतल्या एका काकांना लांडगा पाहिजेच होता, त्यांनी पाचशेची नोट काढली. पोरगा म्हणाला, "काका, तिकडं बिळं हायत, पिल्लांचा टाइम हाय, माणसाचा वास लागला तर ती पिल्लं उचलून दुसरीकडं न्हेती." काका फुगून बसले. परत येताना एक धनगर भेटला, त्याची दोन कोकरं लांडग्यानं नेली होती, वनखात्याच्या भरपाईचे कागद याच पोरांनी भरून दिलेले. लांडगा बघायला आम्ही पैसे देणार आणि कोकरं त्याची जाणार, तेव्हा एवढं तर पाहिजेच ना.

माळढोकाचं तेवढं वाईट वाटलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात अख्खी गावं, शेतं आली, जमिनीच्या व्यवहाराला अडचणी आल्या आणि लोकांचा राग बसला पक्ष्यावर. पुढं ते १,२२२ वर आणलं. तोवर माळाला पडीक म्हणत कुठं झाडं लावली, कुठं नांगर फिरला, वरनं विजेच्या तारा, या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तो थेट तारेवर आदळतो, आणि मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते. आता देशात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही जवळपास सगळे राजस्थानात. (सोनाका द्राक्षं नान्नजचीच बरं का, मी खातो, त्यामुळं माळ संपला म्हणून कुणावर बोट दाखवायला मला तोंड नाही.)

जेवण मावशींच्या अंगणात, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, नंतर गरम हुरडा. पाणी तांब्यातनं. यावर मी अजून दोन पानं लिहीन.

आता तक्रारी. सहा जणांत दुर्बीण एकच, तिच्या एका काचेला बुरशी. माळावर बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही, आधी मावशींच्या घरी जाऊन यावं लागतं आणि हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नाही, बायकोनं त्यावरनं मला सुनावलं. गाडी पाऊण तास उशिरा आली. तिथं रेंज नसते त्यामुळं यूपीआय चालत नाही, रोख न्या.

जमलं तर दुपारची बॅच घ्या. सूर्य खाली गेल्यावर भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी एकेक करून गवतात उतरतात, हिवाळ्याला लांबून आलेले, रात्री जमिनीवरच झोपतात. आम्ही बॅटरी न लावता लांबनं मोजत बसलो, मुलीचे सतरा झाले, माझे चौदा. स्वेटर न्या, मी नेला नव्हता.