वस्तऱ्याने दाढी, सात महिन्यांनंतर: सगळा घोळ पट्ट्याचा

परवा वस्तरा नळाला लागला. जोरात नाही, धुता धुता नुसतं 'टिंग' झालं. भिंगातून पाहिलं तर टोकाच्या अलीकडे धारेचा बारीकसा खवला उडालेला. आता तो धार लावायच्या दगडावर गेल्याशिवाय चेहऱ्यावर येणार नाही. दाढी वाढतेय, हात रिकामे आहेत, म्हणून सात महिने टाळलेलं लिहून टाकतो.

वस्तरा बहुतेक नवशिके घेतात तोच: पाच अष्टमांश इंची पातं, दोन्ही अंगांनी आत खोलगट घासलेलं, गोल टोक, कार्बन पोलाद. घेण्यामागे हौस वगैरे काही नव्हती, शुद्ध चिकटपणा होता. रेझरची बदलायची कार्ट्रिज विकत घेऊन घेऊन वैतागलो होतो. म्हटलं एकदाच काय ते पैसे जाऊ देत, जन्माची ददात मिटेल. वाचताना हे वाक्य लक्षात ठेवा.

दाढी करण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ती अवघड नाही. पहिले पंधरा दिवस फक्त गाल वस्तऱ्याने केले, बाकी जुन्या रेझरने उरकलं. पात्याची पाठ कातडीपासून साधारण 30 अंश उचललेली, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, वस्तरा लवीच्या दिशेने आणि दाब जवळपास शून्य. कोन वाढला की कापतं, कमी झाला की केस ओढतं. पहिल्या महिन्यात तीनदा कापलं, तिन्ही वेळा हनुवटीवर, आणि तुरटी फिरवल्यावर थांबलं. एक मात्र कटाक्षाने पाळा: पातं लांबीच्या दिशेने कधीही सरकू द्यायचं नाही. करवतीसारखं सरकलं की मग तुरटीने भागत नाही.

आता मूळ दुखणं. तिसऱ्या आठवड्यापासून वस्तरा केस ओढायला लागला. डोळ्यांत पाणी यायचं. विक्रेत्याने 'धार लावून, वापरायला तयार' म्हणून दिलेला, तेव्हा साहजिकच तक्रार केली. त्याचं उत्तर एका ओळीचं: "पट्ट्यावर परजता कसे?" (पट्टा म्हणजे एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला कापड असलेली पट्टी. दाढीआधी तिच्यावर वस्तरा घासून धार नीट करतात.) म्हणजे चोर तो आणि उलट्या बोंबाही त्याच्याच! मीही मग अभ्यास करून उत्तर दिलं. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलंय की केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही ब्लेडच्या धारेचे बारीक कपचे उडवू शकतो. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसली आणि केस तिरका वाकला की हे होतं. तेव्हा तुमचं पोलादच हलकं, असं ठणकावून लिहिलं. त्याने वस्तरा परत मागवला, धार लावून पाठवला आणि सोबत चिठ्ठी: "कपचे उडालेले नाहीत. धार गोल झाली आहे."

तीन दाढ्या लोण्यासारख्या झाल्या. चौथीला पुन्हा ओढलं. मी परीक्षणात एक तारा देऊन मोकळा होणार होतो, तेवढ्यात पट्ट्याकडे लक्ष गेलं. मधोमध तिरके दोन काप! पट्ट्याच्या टोकावरून परतताना मी पातं धारेवरून उलटवत होतो. फिरवायचं असतं पाठीवरून, पाठ चामड्यावर टेकलेलीच ठेवून. शिवाय पट्टा ढिला धरायचो. ढिला पट्टा दाबाखाली झोळीसारखा होतो, धारेच्या कडेला वळसा घालतो आणि प्रत्येक फेरीला ती थोडी थोडी गोल करतो. म्हणजे रोज सकाळी मी निष्ठेने वस्तरा बोथट करत होतो. एक तारा राहिला, माफीचं पत्र गेलं. (उत्तर आलं नाही. योग्यच.)

म्हणून नवशिक्यांना एवढंच सांगणं: पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो तुम्ही कापणारच आहात. ताठ ओढून धरा, पाठ पुढे, धार मागे, आधी कापडी बाजूवर वीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस. वेग हवाच कशाला? चित्रफितींमध्ये सटासट हात फिरवणाऱ्यांचं मला आता हसू येतं. पहिले दोन महिने मोजत, कासवासारखं करा. धार टिकते की नाही हे तिथेच ठरतं, गालावर नाही. हे कुणी आधी का सांगत नाही? पोलाद, मूठ, फेस, ब्रश यांवर पानंच्या पानं लिहिलेली आहेत आणि पट्ट्याला दोन ओळी!

तीन आठवड्यांनंतर भर घालतोय. पहिल्याच परिच्छेदातला 'दगडावर गेल्याशिवाय' हा प्रकार मी घरीच केला, कारण पुन्हा त्या विक्रेत्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. 1000 ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर खवला जाईपर्यंत दीड तास गेला, मग 4000, 8000 आणि शेवटी 12000. भीती होती तेवढं कठीण निघालं नाही: पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, त्यामुळे कोन आपोआप सांभाळला जातो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. दिशा मात्र पट्ट्याच्या उलट, इथे धार पुढे. पहिल्या दहा फेऱ्यांत दोनदा घोटाळा झाला. हवेत धरलेला केस तुटतो का, ही परीक्षा केली. तुटला, तरी दाढी खरखरीतच झाली. 12000 वर परत नेल्यावर जमली.

आता मघाचं 'एकदाच पैसे' आठवा. एक वस्तरा, दोन पट्टे, चार दगड. एवढ्यात किती वर्षांची कार्ट्रिज आली असती याचा हिशोब मी एकदा मांडला आणि कागद फाडून टाकला. काटकसरीसाठी घेत असाल तर घेऊ नका. साधा दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घ्या. अर्धं ब्लेड बसवायचा घडीचा वस्तराही मिळतो, त्याला पट्टा लागत नाही, पण ती धार जास्त हावरट असते, हात चुकला की माफ करत नाही.

मी मात्र सोडलेला नाही. घाई असली की सेफ्टी रेझर, वरचा ओठ अजून त्यानेच, बाकी दिवशी वस्तरा. दाढीनंतर पातं पुसून कोरडं करतो, तेलाचं बोट फिरवतो. नळाला जुन्या टॉवेलची चिंधी गुंडाळून ठेवली आहे. घरचे विचारतात, नळाला काय झालं?