ॲक्वाटिंट: राळ की स्प्रे? पावसाळाभर वापरून झालेलं मत

ॲक्वाटिंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर दाणे बसवून, तो द्रावणात खाऊ देऊन करड्या-काळ्या छटा छापायची पद्धत. त्यात गडद काळोख हवा असेल तर राळच घ्या. अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी ठाण्यात, घोडबंदर रोडच्या घरी, राळ आणि ॲक्रिलिक स्प्रे आलटूनपालटून वापरले. तांबं खाणारं द्रावण, फेरिक क्लोराइड, दोन्हींसाठी एकच.

सुईने रेषा मिळते. करड्या छटांसाठी पत्र्यावर बारीक दाणे बसवावे लागतात, म्हणजे फेरिक त्यांच्या अवतीभवतीचं तांबं खातं आणि त्या खड्ड्यांत शाई धरते. राळेची पूड दुहेरी मलमलीच्या पुरचुंडीतून टिचक्या मारत पाडायची. साधारण निम्मा पत्रा झाकला की थांबायचं आणि खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा. पांढरी धुरकट पूड बघता बघता पारदर्शक होते, खालचं तांबं पुन्हा चमकतं. त्याच क्षणी ज्योत पुढे सरकली पाहिजे. रेंगाळलात तर दाणे एकमेकांत वितळून सलग थर होतो आणि फेरिकला शिरायला जागाच उरत नाही.

पुढचं काम सबुरीचं. सगळ्यांत फिकी छटा आधी, ती वार्निशने झाकायची आणि पत्रा परत फेरिकमध्ये. मी अर्धा मिनिट, एक, दोन, चार असा वेळ दुप्पट करत जाते. पत्रा उपडा ठेवते, नाहीतर गाळ खड्ड्यांत साचून छटा डागाळते.

स्प्रेचे ठिपके एकसारखे पडतात. आकाश, पाणी, गालावरची सावली यांना तो छानच. पत्रा तापवायचीही गरज नाही. पण काळा सपाट वाटतो. राळेचे दाणे लहानमोठे असल्यामुळे काळ्याला मखमली खोली येते. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज काका-पुतण्या चित्रकारांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या भारतातल्या दृश्यांच्या संचामधली (1795–1808, एकूण 144 ॲक्वाटिंट) वेरूळची चित्रं बघा, चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली. तिथला लेण्यांचा अंधार नुसत्या रेषांनी कधीच आला नसता.

राळेचा त्रास म्हणजे आपली दमट हवा. जुलैत पुडीच्या गुठळ्या होतात आणि छपाईत पांढरे ठिपके उमटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पूड लागेल तेवढीच कुटा. फार वेळ खाऊ दिलं तर राळेचे दाणे सुटतात आणि काळा उलट करडा पडतो. तिथे स्प्रे जास्त चिवट.

मास्क न लावता राळ उडवू नकाच. ती धूळ छातीला वाईट, शिवाय हवेत दाटली की ठिणगीने पेट घेते. म्हणून पूड खाली बसेपर्यंत दिवा पेटवायचा नाही. वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका. त्यात तांबं विरघळलेलं असतं, ते शेवटी खाडीत जातं. धुण्याच्या सोड्याने ते मारा (थोडा थोडा घाला, फेसाळून वर येतं), गाळ बसू द्या आणि तो घातक कचरा म्हणूनच द्या.