रोजच्या गाडीसाठी कॉइलओव्हर: डायलचा संच घ्यावा की रबरी माउंटचा?

परवडणाऱ्या कॉइलओव्हरच्या, म्हणजे गाडीची उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या संचांच्या, बाजारात नावे पुष्कळ असली तरी रोजच्या वापरासाठी गाडी चालवणाऱ्यापुढे खरा पेच दोनच प्रकारांत असतो. पहिला प्रकार डायलचा. त्यात वरच्या टोकाला डॅम्पिंग (स्प्रिंगचे हेलकावे आवरण्याचा शॉकचा जोर) बदलण्याची कळ असते, शॉकची संपूर्ण बॉडी आट्यांवर वरखाली होते, स्प्रिंग बरीच कडक असते आणि टॉप माउंटच्या (शॉकचे वरचे टोक गाडीला जोडणाऱ्या भागाच्या) जागी धातूचा पिलोबॉल, म्हणजे गोलाकार बेअरिंग, असतो. दुसरा प्रकार दिसायला साधा. त्यात डॅम्पिंग कारखान्यातच ठरवून दिलेले असते, उंची केवळ स्प्रिंगखालची कॉलर फिरवून बदलते आणि वर गाडीचा मूळ रबरी टॉप माउंटच पुन्हा वापरला जातो. मी या दोन्ही प्रकारांचे संच एकाच गाडीवर वापरले आहेत, आणि दोहोंपैकी निवड करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढेच येथे मांडतो.

कागदावर पाहिले तर पहिला प्रकार सहज वरचढ ठरतो. बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत डॅम्पिंगचे 30 टप्पे मिळतात, टीनच्या फ्लेक्स झेडमध्ये 16 मिळतात. उलट केडब्ल्यू व्हेरिएंट 1, एसटी एक्स किंवा बिल्स्टीन बी14 यांत डॅम्पिंगला हात लावण्याची सोयच नसते. त्यामुळे त्याच किंवा त्याहून कमी पैशांत जास्त सोयी मिळत असताना कमी सोयींचा संच का घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे. मात्र रोजच्या वापरात त्या 30 टप्प्यांपैकी कामाचे मोजकेच असतात, असे माझ्या अनुभवावरून वाटते. एकाच डायलने मुख्यतः रिबाउंड (शॉक उलगडतानाचा विरोध) आणि त्याबरोबर थोडे कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) बदलते. दोन्ही स्वतंत्रपणे जुळवता येत नाहीत. पूर्ण मऊ बाजूला गाडी उंचवट्यानंतर एक-दोन हेलकावे जास्त घेते. पूर्ण कठीण बाजूला स्प्रिंग परत उलगडण्याआधीच पुढचा खड्डा येतो, आणि लागोपाठ खाचखळगे असले की गाडी हळूहळू खाली बसत गेल्यासारखी वाटते. मधली एक जागा सापडली की ती पुन्हा बदलावीशी वाटत नाही. (टप्पे मोजताना नेहमी पूर्ण कठीण बाजूपासून मोजावेत, कारण मऊ बाजूचे शेवटचे टोक प्रत्येक शॉकवर सारखे असेलच असे नाही.)

उंचीच्या बाबतीत मात्र डायलच्या संचाचा लाभ खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. संपूर्ण बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवून उंची कमी केली तर शॉकचा प्रवास (दबण्या-उलगडण्याचे अंतर) शाबूत राहतो. कॉलर खाली घेऊन मॅकफर्सन स्ट्रटवर (शॉकच चाकाला वरून धरून ठेवतो अशा रचनेवर) गाडी 30 मिलिमीटर उतरवली तर बंप स्टॉपपर्यंतचे (शॉक शेवटी टेकतो त्या अडणीपर्यंतचे) अंतर जवळजवळ तेवढेच घटते. ज्यांना गाडी खूपच खाली हवी आहे त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शॉकला जागा मिळाली म्हणून टायरला मडगार्डमध्ये जागा मिळत नाही, आणि लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडायचा तो बिघडतोच. आर्म चाकाच्या बाजूला वर उचलले गेले की पुढचे रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीपेक्षाही अधिक खाली सरकते, वळणावर बॉडी कलण्याची प्रवृत्ती वाढते आणि ती आवरण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते. रोजच्या गाडीला 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा अधिक उतरवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तेवढ्या उतरणीसाठी दुसऱ्या प्रकारातील चांगल्या संचांची बॉडी आणि बंप स्टॉप मुळातच आखूड केलेले असतात. केडब्ल्यू आणि एसटीचे संच जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्रासह विकले जातात आणि उंचीची मर्यादा त्यातच ठरवून दिलेली असते. मला ती मर्यादा अडचणीची वाटण्याऐवजी आश्वासक वाटली.

स्प्रिंगबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘कडक म्हणजे त्रासदायक’ एवढ्यावरच चर्चा थांबते. लहान-मध्यम गाडीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगचा रेट (ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा भार) साधारण 2 ते 3 किलो प्रति मिलिमीटर असतो, तर डायलच्या संचांत 5 ते 8 सहज आढळतो. पुढच्या एका कोपऱ्यावर 350 किलो भार धरला तर अडीच किलोची स्प्रिंग त्याखाली 140 मिलिमीटर दबते आणि सहा किलोची सुमारे 58 मिलिमीटर. याचा अर्थ असा की कडक स्प्रिंगच्या गाडीत चाकाला खाली झेपावण्यासाठी स्प्रिंगकडे मोजकेच अंतर उरते. खड्डा आला की चाक त्यात उतरून रस्ता धरण्याऐवजी पुरेसे खाली जात नाही आणि धक्का बॉडीला बसतो. शॉकचा खालचा प्रवास त्या 58 मिलिमीटरपेक्षा अधिक असेल आणि स्प्रिंगला पुरेसा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) नसेल, तर जॅकवर गाडी उचलताच स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते. हेल्पर स्प्रिंग, म्हणजे ती सैलता भरून काढणारी छोटी मऊ स्प्रिंग, त्यासाठीच असते, पण स्वस्त संचांत ती प्रत्येक वेळी मिळत नाही. मागच्या बाजूला मल्टिलिंक (चाकाला अनेक आर्म धरतात अशी रचना) असेल आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसत असेल, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा मोशन रेशोच्या (चाक हलते त्याच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते त्या प्रमाणाच्या) वर्गाने घटतो. रेशो 0.7 असेल तर स्प्रिंगचा निम्माच रेट चाकापर्यंत पोहोचतो. म्हणूनच संचाच्या खोक्यावर मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये.

इतके असूनही कडकपणामुळे मी डायलचा संच सोडला नसता. गुळगुळीत रस्त्यावर त्या संचाची गाडी स्टीअरिंगला जो प्रतिसाद देत असे तो मला आजही आठवतो. रबराचा लवचीकपणा मधून निघून गेल्यामुळे चाक वळवताच नाक वळत असे, आणि लांबच्या वळणावर गाडी एका रेषेत स्थिर राहत असे. ते सुख खरे होते. माझा निर्णय बदलला तो आवाजामुळे.

वेग कमी असताना, वस्तीतल्या रस्त्यावर, खिडकी उघडी असताना, गतिरोधकाच्या अलीकडच्या बारीक खडबडीत पट्ट्यावरून जाताना पुढच्या बाजूने कोरडी टकटक येऊ लागली. मोठ्या खड्ड्यात ती येत नसे. वेगात येत नसे. ब्रेकवर हलका पाय ठेवला की कधी थांबे, कधी थांबत नसे. अशा आवाजाची कारणे अनेक असतात आणि ती एकेक करून वगळावी लागतात. आधी कॉलर आणि लॉकनट पान्याने तपासले. ते घट्ट होते. मग स्प्रिंगचा प्रीलोड तपासला. चाक लोंबकळत असतानाही स्प्रिंग हाताने फिरत नव्हती. त्यानंतर अँटी-रोल बारच्या (वळणावरचा कल आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडकडे वळलो, कारण गाडी खाली आल्यावर मूळ लांबीचा रॉड बारला वेडावाकडा कोन देतो आणि त्याचे बॉल जॉइंट लवकर सैल होतात. आखूड रॉड बसवल्यावर गाडी सरळ चालताना थोडी शांत वाटली, टकटक मात्र राहिली. शेवटी बॉनेट उघडून, पिलोबॉलवर बोट ठेवून, दुसऱ्या माणसाला गाडी हलवायला सांगितली तेव्हा बोटाखाली बारीकसा ठोका जाणवला. बेअरिंगमधील अस्तर झिजले होते.

पिलोबॉलचा स्वभावच तसा आहे. तो गोलाकार बेअरिंग असतो, त्याचा गोळा पातळ अस्तरावर फिरतो, आणि स्ट्रट टॉवरच्या तोंडाशी धूळ व पाणी दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचतात. मॅकफर्सनमध्ये तर स्टीअरिंग वळवताना होणारी हालचाल आणि गाडीचे वजन ही दोन्ही कामे पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येतात. केसाएवढी फट पडली तरी धातू धातूवर आपटतो आणि तो ठोका मध्ये रबर नसल्याने थेट बॉडीच्या पत्र्याला मिळतो. पत्रा मग ढोलाच्या पानासारखा घुमतो. शर्यतीच्या गाडीत हे बेअरिंग झिजणारा भाग मानून ठराविक काळाने बदलतात, आणि तेथे ते योग्यच आहे. मीही ते बदलले. आवाज गेला आणि काही काळाने परतला. तेव्हा मला असे वाटले की हा दोष त्या विशिष्ट कंपनीचा कमी आणि माझ्या वापराचा अधिक आहे, म्हणून तिचे नाव घेणे योग्य ठरणार नाही.

या आवाजाचा त्रास कितपत मानावा हे ज्याचे त्याने ठरवावे. मी दररोज गाडीत बसून घरच्यांशी बोलतो, फोनवरचे काम उरकतो, कधी नुसता शांत असतो. त्या वेळेत प्रत्येक बारीक उंचवट्यावर कान समोर लागून राहणे मला थकवणारे वाटले. कडकपणाची शरीराला सवय होते; टकटकीची कानाला झाली नाही.

मूळ रबरी माउंट आणि ठराविक डॅम्पिंगचा संच बसवल्यावर पहिल्याच फेरीत फरक जाणवला तो शांततेचा. स्टीअरिंगचा प्रतिसाद किंचित मंदावला, हे नाकारत नाही. पण बॉडीचा कल, वळणावरची पकड आणि जोरात ब्रेक मारल्यावर नाक खाली जाण्याचे प्रमाण यांत कारखान्याच्या सस्पेन्शनपेक्षा सुधारणा तितकीच स्पष्ट राहिली. येथे एक खुलासा केला पाहिजे. शांततेचे श्रेय अनेकजण ट्विनट्यूब (शॉकमध्ये एकात एक दोन नळ्या) रचनेला देतात आणि मोनोट्यूबला (एकच नळी) दोषी ठरवतात. मोनोट्यूबमध्ये वायूचा दाब बहुधा 20 बारच्या पुढे असतो, सील त्यामुळे घट्ट असते आणि अगदी बारीक खडबडीवर सुरुवातीचे घर्षण जाणवू शकते, एवढे खरे. पण बिल्स्टीन बी14 मोनोट्यूबच आहे आणि तो पुष्कळ गाड्यांत मूळ रबरी माउंटवरच बसतो. त्यामुळे शॉकच्या आतील रचनेपेक्षा वरचा माउंट कोणता आहे, हे आधी विचारावे असे मी सुचवेन.

टिकाऊपणाचा विचार ओल्या किंवा खारट हवेत राहणाऱ्यांनी आवर्जून करावा. स्टीलच्या आट्यांवर अॅल्युमिनियमची कॉलर असेल तर ती गंजून जागच्या जागी चिकटते, आणि मग उंची बदलण्याची सोय नावापुरती उरते. केडब्ल्यूच्या संचांत बॉडी स्टेनलेस स्टीलची आणि कॉलर पॉलिअमाइडची असते. एसटी एक्समध्ये बॉडी जस्ताचा थर दिलेल्या स्टीलची असते आणि म्हणून तो संच परवडतो. डायलच्या अनेक संचांची बाजू येथे वेगळ्या कारणाने भक्कम आहे. त्यातील शॉक उघडून तेल व सील बदलता येतात आणि सुटे भागही मिळतात. फ्लेक्स झेड मात्र सीलबंद असतो. गळती झाली तर तो शॉकच बदलावा लागतो.

कोणताही संच घेतला तरी व्हील अलाइनमेंटचा खर्च आधीच धरून ठेवावा, आणि गाडी काही दिवस चालून स्प्रिंग बसल्यावरच ते करून घ्यावे. लोअर आर्मच्या रबरी बुशिंगचे बोल्टही गाडी आपल्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुशिंग पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. मूळ टॉप माउंट पुन्हा वापरायचे असतील आणि गाडी बरीच चाललेली असेल, तर त्याच वेळी नवे रबर आणि नवे बेअरिंग घालून घ्यावे. स्ट्रट दुसऱ्यांदा उतरवण्याच्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडते.

अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्याला, चारही कोपऱ्यांचे वजन काट्यावर जुळवून घेणाऱ्याला किंवा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हाताने बदलण्याची गरज असणाऱ्याला मी डायलचा संच घेऊ नका असे म्हणणार नाही; त्याच्यासाठी तोच योग्य असेल. ज्याची गाडी मुख्यतः घर आणि काम यांमध्ये धावते, त्याने मात्र डायलच्या टप्प्यांची संख्या क्षणभर बाजूला ठेवावी. ओळखीतल्या कोणाच्या गाडीत पिलोबॉल असेल तर तिच्यात मागे न बसता पुढे बसावे, गाणी बंद करावीत, खिडकी उघडावी आणि खडबडीत गल्लीतून सावकाश एक फेरी मारून यावी; संच शक्यतो नवा नसावा, किमान एक पावसाळा पाहिलेला असावा.