गुडघ्याने वळणारी सेल्फ-बॅलन्सिंग गाडी : भिवंडीच्या गोडाऊनमधला अनुभव

सर्व्हिस सेंटरने मेनबोर्ड, म्हणजे गाडीचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलायचं ९,५०० रुपयांचं कोटेशन हातात ठेवलं, तेव्हाच ठरवलं की या गाडीवर सविस्तर लिहायचं. गाडी म्हणजे दोन चाकांमधल्या पाटावर उभं राहायचं आणि गुडघ्याने दांडा दाबून वळवायचं, अशी विजेवरची. तक्रार एवढीच होती : सरळ उभं राहिलं तरी गाडी डावीकडे ओढते. ॲपमधून कॅलिब्रेशन (सेन्सर पुन्हा जुळवून घेणं) करून झालं होतं, फरक शून्य. काउंटरवरच्या मुलाने गाडी चालवून न पाहता, टेबलावर ठेवूनच निदान केलं. "काका, तोल ओळखणारा सेन्सर बोर्डावरच असतो, अख्खा बोर्ड बदलावा लागेल." म्हटलं, अरे बाबा, आधी चाकांतली हवा तरी बघ. तर त्या व्हॉल्व्हला बसेल असं नोझलच त्यांच्याकडे नव्हतं. स्वतः विकलेल्या गाडीला हवा भरता येत नाही आणि बोर्ड बदलायला निघालेत!

हा व्हॉल्व्ह म्हणजे या गाडीवरचा माझा खरा राग. मोटर चाकातच असल्यामुळे रिमपाशी जागा नाही, आणि आहे तेवढ्या जागेत व्हॉल्व्ह असा दडवलाय की पेट्रोल पंपावरचं हवेचं नोझल आत शिरत नाही. एवढी महागडी गाडी, पण खोक्यात साठ रुपयांचा वाकडा ॲडॅप्टर टाकायला कंपनीचा हात धजावला नाही. तो शेवटी अंजूरफाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळाला. त्याने हवा मोजायचा गेज लावला, तर डाव्या चाकात उजव्यापेक्षा बरीच कमी हवा. दोन्ही सारखी केली आणि ओढणं बंद. पंक्चरवाल्याने हवेचे पैसेही घेतले नाहीत.

कुणी म्हणेल, हवेचं काय एवढं? सायकलला हवा कमी असली तर पाय दुखतात, इथे तोंडावर पडायची वेळ येते. ही गाडी दोन चाकांच्या वेगातल्या फरकावर वळते. एक चाक मऊ असेल तर ते खोटाच वळण्याचा हुकूम सतत देत राहतं आणि आपण नकळत गुडघ्याने दांडा उलट्या बाजूला दाबून धरतो. मग चाकाखाली पॅकिंगच्या पट्टीचा तुकडा आला की गुडघा दांड्यावरून सुटतो आणि गाडी थेट रॅककडे वळते. गोडाऊनमधल्या रॅकच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लोखंडी खांब आहेत. आता दर सोमवारी गेज लावल्याशिवाय मी चढत नाही.

बाकी चालवायला गाडी मस्त आहे, हे कबूल. टाचदुखीमुळे दिवसभर गोडाऊनभर फिरणं जमेना, म्हणून पदरचे पैसे घालून घेतली. गुळगुळीत काँक्रीटवर कमरेतून जरा पुढे झुकलं की चालते, मागे झुकलं की थांबते. पण नवीन घेणाऱ्यांनी एक नीट समजून घ्यावं : हिला वेगळा ब्रेक नाही. तोल, वेग, थांबणं, सगळं त्याच दोन मोटारींकडे. तळहातावर काठी उभी धरताना ती पडेल तिकडे हात न्यावा लागतो, तसं हे काम आहे. हाताला आणखी पुढे जायला वावच उरला नाही तर काठी पडणारच. म्हणून कमाल वेगाजवळ गेलं की पाटाचं नाक वर उचललं जातं आणि गाडी आपल्याला मागे ढकलते. सुरुवातीला याची चीड यायची. पण मोटारीची थोडी ताकद तोल सावरायला राखून ठेवायची, म्हणून ते असतं. उलट जोर लावून रेटलं तर तोंडावर पडाल.

बॅटरी उतरली की ही राखीव ताकदही उतरते. अशा गाड्या बनवणाऱ्या सेगवे कंपनीने २००३ मध्ये सुमारे ६,००० गाड्या परत मागवल्या त्या याच कारणाने : बॅटरी कमी असताना जोरात वेग घेतला की माणूस पडू शकत होता. २००६ मध्ये पुन्हा सुमारे २३,५०० मागवल्या. तेव्हा घोळ असा की, गाडी मागे ढकलत असताना माणूस उतरून लगेच परत चढला तर चाकं अचानक उलटी फिरू शकत होती. पण माझी भीती त्या पहिल्या कारणाची, म्हणून बॅटरी निम्म्याखाली गेली की मी रॅम्पवर जात नाही. उतारावर याच्या नेमकं उलट. तिथे मोटर वीज परत बॅटरीत ढकलते, आणि बॅटरी गच्च भरलेली असली तर ती वीज जाणार कुठे? सकाळी फुल चार्जवर डॉकच्या (ट्रकमधला माल चढवा-उतरवायच्या जागेच्या) उतारावर बीप वाजतो तो त्याचाच. आणि हो, चालू गाडी उचलू नका. चाकं हवेत सुसाट फिरतात. एकदा माझ्या पँटचा पायचा गेला, पाय वाचला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि चाकांत हवा नीट असली की झालं, हे मत बदललं. ओल्या ट्रकमधून माल उतरला की डॉकची लोखंडी प्लेट निसरडी होते. चाक सरकलं की तोलही गेला, तिथे हवेचा काही उपयोग नाही. आता प्लेटवर मी उतरून गाडी हाताने ढकलत नेतो. फोर्कलिफ्टवाल्याला ही गाडी ऐकूच येत नाही, म्हणून दांड्याला सायकलची घंटा बांधली आहे. वळणावर तीच कामाची, ॲपमधले रंगीत दिवे नुसते शोभेचे.

रस्त्यावर मात्र नेऊ नका. नोंदणीची सूट २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना आहे, आणि हिच्या दोन मोटारी मिळून त्यापेक्षा कितीतरी जास्त वॅटच्या. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये वरळी सी-फेसवर अशा गाड्यांवरून गस्त सुरू केली होती, पण तिथला रस्ता बघा आणि आपला बघा.

चार्जिंगही डोळ्यांसमोरच करतो. अमेरिकेत २०१६ मध्ये आगीच्या भीतीने पाच लाखांवर होव्हरबोर्ड (अशाच, पण बिनदांड्याच्या दोनचाकी पाट्या) परत मागवले होते, आणि आमच्याकडे छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी आहेत. रात्री प्लग काढून गाडी वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवतो. सर्व्हिस सेंटरचा अजूनही आठवड्याला फोन येतो : "सर, बोर्ड मागवू का?"